बिनवजनी काटा

मोजमापाच्या उपकरणात काटा ही मोठी अडचणीची वस्तू आहे. बारीक हालचाल ठळक दिसावी म्हणून काटा लांब केला, तर तो जड होतो, वाकतो आणि जी हालचाल मोजायची तिलाच अडवतो. १८२६ मध्ये योहान ख्रिस्टियान पोगेनडॉर्फने यावर उपाय सुचवला. टांगलेल्या चुंबकाला छोटा आरसा जोडायचा आणि दूर ठेवलेल्या मोजपट्टीचं त्यातलं प्रतिबिंब दुर्बिणीतून वाचायचं. आरसा जेवढा वळतो त्याच्या दुप्पट किरण वळतो. पट्टी एक मीटरवर असेल, तर तिच्यावरच्या एका मिलिमीटरमागे आरसा जेमतेम पावणेदोन मिनिटं वळलेला असतो. इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. पट्टी आणखी लांब न्या, काटा तितका लांब झाला, आणि चुंबकावर गुंजभरही ओझं वाढलं नाही.

पोगेनडॉर्फने तरुणपणी औषधाच्या दुकानात उमेदवारी केली होती. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ तो भौतिकशास्त्रातल्या एका नामांकित जर्मन नियतकालिकाचा संपादक होता. इतरांचं संशोधन छापण्यात हयात गेलेल्या या माणसाचं नाव आज फारसं कुणी घेत नाही, याची मला खरोखर खंत वाटते. कीर्ती गाउसच्या वाट्याला आली. त्याने ग्योटिंगेनमध्ये पृथ्वीचं चुंबकत्व मोजायला हीच युक्ती वापरली. १८३३ मध्ये वेबरसह सुमारे एक किलोमीटर तार टाकून त्याने संदेश धाडले, तेही अशाच आरशातून वाचले जात.

तारेची लांबी महासागराएवढी झाली तेव्हा आरशाचा खरा कस लागला. १८५८ च्या अटलांटिक केबलमधून पलीकडे पोचणारा प्रवाह अगदी क्षीण होता. विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने, इवल्याशा आरशाच्या पाठीला चुंबकाचे तुकडे चिकटवून तो रेशमाच्या तंतूवर टांगला. अंधाऱ्या खोलीत दिव्याचा कवडसा पट्टीवर डावीकडे-उजवीकडे सरके आणि त्यावरून अक्षरं लागत. कंपनीच्या विद्युततज्ज्ञाचा भरवसा मात्र मोठ्या दाबावर होता. आधीच कमजोर असलेली केबल सुमारे दोन हजार व्होल्टच्या माऱ्याखाली काही आठवड्यांत निकामी झाली. प्रवाह वाढवण्यापेक्षा डोळा तीक्ष्ण करावा, हे थॉमसनचं म्हणणं खरं ठरलं.

आपल्याकडे हा आरसा कुलाब्याच्या वेधशाळेत होता. चुंबकावरून परतलेला किरण सावकाश फिरणाऱ्या फोटोच्या कागदावर पडे आणि रात्रंदिवसाची रेघ उमटे. मुंबईत विजेच्या ट्रामचा बेत ठरला, तेव्हा तिच्या प्रवाहाने ही रेघ बिघडणार हे उघड होतं. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ मध्ये अलिबागला, लोखंडाचा स्पर्श टाळून बांधलेल्या इमारतीत नवी वेधशाळा सुरू झाली. १९०६ पर्यंत दोन्हीकडे जोडीने नोंदी घेतल्या, म्हणून जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा नीट जुळला.

यंत्रशाळेत ही युक्ती आली ती ऑटोकोलिमेटरच्या रूपात. त्यात भिंगाच्या नाभीवर उजळलेली फुली असते. तिचा प्रकाश समांतर होऊन बाहेर पडतो, आरशावरून माघारी येतो आणि फुलीची प्रतिमा मूळ फुलीजवळ उमटते. आरसा कलला तरच प्रतिमा सरकते. तो जवळ आहे की लांब, याने आकडा बदलत नाही, आणि पोगेनडॉर्फच्या मांडणीपेक्षा हे मोठं पाऊल आहे. नाभीअंतर ५०० मिलिमीटर असेल, तर एका सेकंदाच्या कलाला, म्हणजे अंशाच्या ३६०० व्या भागाला, प्रतिमा पाच मायक्रॉनच्या आसपास हलते.

लेथचा बेड सरळ आहे का, ते असं पाहतात. १०० मिलिमीटर अंतरावर दोन पाय असलेल्या बैठकीवर आरसा बसवायचा, ती बेडवर १००-१०० मिलिमीटरने सरकवायची आणि दर टप्प्याला आकडा टिपायचा. एक सेकंद म्हणजे त्या दोन पायांच्या उंचीत अर्ध्या मायक्रॉनचा फरक. आकडे क्रमाने मिळवत गेलं की बेडचा चढउतार कागदावर येतो. काम चालू असताना पंखा बंद ठेवावा लागतो, कारण गरम-गार हवेच्या झुळकीनेही फुली थरथरते. शेजारच्या मशीनचा हादराही तिच्यात दिसतो. डोळ्याच्या जागी प्रकाशसंवेदक बसवला की हाच हादरा मोजताही येतो.

१९८८ मध्ये मेयर आणि अमेर यांनी हा किरण अणुबल सूक्ष्मदर्शकात आणला. तिथे मिलिमीटरच्या अंशाएवढ्या लवचीक पट्टीच्या पाठीवरून लेसर परततो आणि तिच्या टोकाची हालचाल शेकडो पटींनी मोठी होऊन संवेदकावर पडते. पण काटा कितीही लांबवला तरी एक हद्द येतेच. हवेचे रेणू आदळून आरसा कधीच पुरता स्थिर राहत नाही. १९३१ मध्ये कापलरने तंतूवर टांगलेल्या आरशाची हीच थरथर नोंदवून तिच्यावरून अॅव्होगाड्रोचा अंक काढला. सूक्ष्मदर्शकाच्या पट्टीचा ताठरपणाही आता तिच्या उष्णतेच्या थरथरीवरून काढतात.