खापरी नळांचे शहर

अहमदनगरचा इतिहास लिहिणारे बहुधा किल्ल्यापासून प्रारंभ करतात. चांदबिबीची झुंज, १८०३ मधील वेलस्लीचा हल्ला, १९४२ नंतरचा राष्ट्रीय नेत्यांचा बंदिवास, एवढे सांगून झाले की शहराचा इतिहास सांगून झाला असा समज रूढ आहे. आम्हांस मात्र या शहराची खरी कथा तटबंदीत नव्हे, तर जमिनीखाली पुरलेल्या भाजक्या मातीच्या नळांत सापडते.

१४९० साली भिंगारजवळ बहामनी फौजेचा पराभव करून मलिक अहमदने त्याच परिसरात आपली राजधानी वसविली. ती इतक्या झपाट्याने वाढली की जुन्या इतिहासकारांनी तिची तुलना बगदाद आणि कैरोशी केली. तुलनेतील अतिशयोक्ती सोडून द्यावी. पण एक प्रश्न उरतोच. पर्जन्यछायेच्या या प्रदेशात सीना नदी उन्हाळ्यात कोरडी पडते. मग फौजफाटा, हमामखाने, बागा आणि बाजारपेठा यांना पाणी कोठून मिळाले?

ते मिळाले भोवतालच्या डोंगरपायथ्यांपासून. कापूरवाडी, शेंडी, वडगाव, निमगाव, भिंगार अशा गावांतून शहराकडे नळ आणले गेले. उंचावरील विहिरींत साठलेले पाणी खापरी नळांत सोडायचे, नळ एकमेकांत बसवून चुन्यात पक्के करायचे, आणि केवळ उताराच्या बळावर ते कोसभर अंतरावरून शहरात खेळवायचे. वाटेत जागोजाग उच्छ्वास बांधलेले असत. त्यांतून कोंडलेली हवा निघून जाई आणि आत काही अडले तर ते काढता येई. शहरात हे पाणी हौदांत आणि कारंजांत पडे. ‘बारातोटी कारंजा’ हे वस्तीचे नाव नगरकरांच्या तोंडी आजही आहे.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पाण्याचा पहिला मान महालांचा आणि बागांचा होता. तलावाच्या मधोमध उभा असलेला फराहबाग महाल डोळे दिपवतो, पण त्या तलावाचे पाणी कोणाच्या तरी शिवारातून आलेले होते. आम्ही निजामशाहीला लोकराज्य ठरवू इच्छीत नाही. आमचे म्हणणे इतकेच की ज्यांनी शहर आखले त्यांनी पाण्याचा उगम आणि पाण्याचा हौद यांना एकाच रचनेचे दोन भाग मानले. दहा शेतांखालून जाणारा मातीचा नळ एका कुदळीच्या घावाने फुटू शकतो. तो पिढ्यानुपिढ्या वाहता राहिला, याचा अर्थ गावोगावी कोणीतरी तो सांभाळीत होते.

मुर्तजा निजामशहाचा वजीर दुसरा सलाबतखान हा या कामातील मोठा जाणकार. फराहबाग पुरी झाली ती त्याच्याच देखरेखीखाली, आणि भातोडीचा तलावही त्याच्याच नावे सांगितला जातो. लोकांनी त्याची कशी आठवण ठेवली? शाह डोंगरावरील त्याच्या कबरीला अवघे नगर ‘चांदबिबीचा महाल’ म्हणते! भातोडीच्या तलावाला वेगळेच भाग्य लाभले. १६२४ मध्ये मलिक अंबरने त्याचा बांध फोडून शत्रूच्या छावणीभोवती चिखल केला आणि मोगल-आदिलशाही फौजांना जेरीस आणले. पाण्याची वाट ज्याला ठाऊक, त्याच्या हाती ते शस्त्रही होते. याच अंबरने खडकीस, म्हणजे पुढच्या औरंगाबादेस, नहर-ए-अंबरी बांधली.

ब्रिटिश अमदानीत नगरपालिका आली (१८५४), आणि जुन्यांपैकी काही नळ तेव्हाही वाहते होते. पुढे शहर मुळा धरणावर विसंबले. आज राहुरी तालुक्यातील पाणी पंपांनी उचलून विळदमार्गे वसंत टेकडीवरच्या टाकीत आणावे लागते. वीज गेली की नळ कोरडे. लोकसंख्या पाहता मोठ्या धरणावाचून गत्यंतर नव्हते, हे आम्हांस मान्य आहे. पण त्याबरोबर डोंगरपायथ्याशी असलेले शहराचे नाते तुटले, आणि ते तुटल्याचे दुःखही कोणास झाले नाही.

सावेडी, नागापूर, बोल्हेगाव ही वाढती वस्ती आणि औद्योगिक वसाहत नेमकी उत्तरेकडे, जुन्या जलमार्गांच्याच अंगाने पसरली आहे. शेत बिगरशेती होते, भूखंड पडतात, रस्ते आखले जातात. राज्याची २०२० ची विकास नियमावली मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल साठविण्याची सक्ती करते, आणि ते योग्यच आहे. मात्र नियोजनाच्या धंद्यात सारे मोजमाप भूखंडाच्या चतुःसीमेत होते. पाण्याला चतुःसीमा नसते. आपल्या कुंपणाबाहेरचा ओढा बुजला तर त्याचा जाब कोणास विचारायचा? विकासक म्हणतो, पालिकेस. पालिका म्हणते, महसूल खात्यास.

हा जाब स्वतःलाच विचारणारे एक गाव नगर तालुक्यातच आहे. हिवरे बाजारने १९९० नंतर पोपटराव पवारांच्या पुढाकाराने पाणलोटाची कामे केली, शेतीसाठी कूपनलिका घेण्यास बंदी घातली, आणि किती पाऊस झाला हे पाहून पिके ठरविण्याचा पायंडा पाडला. तेथे हिशेब ग्रामसभेत मांडला जातो. शहराला ग्रामसभा नसते हे खरे. पण हरकती-सूचनांसाठी आराखडा प्रसिद्ध होतो, तेव्हा त्यावर कापूरवाडीचा नळ दाखवा अशी एखादी हरकत तरी यावी!

२०२४ मध्ये शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. जिल्ह्यातल्याच चोंडी गावी जन्मलेल्या अहिल्याबाईंनी देशभर विहिरी, बारवा, कुंडे आणि घाट बांधविले. पाट्या बदलल्या आहेत. वडगाव-शेंडीकडील उच्छ्वासांपैकी किती उभे आहेत, याची मोजणी मात्र अजून व्हायची आहे.