बुरशी मेंदूपर्यंत पोचते तेव्हा

जव्हार-मोखाड्याकडच्या माणसाला बुरशी म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकवावे लागत नाही. आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. नागलीची भाकरी शिळी झाली की पांढुरकी होते, वहाणांवर हिरवट लव येते. याच घराण्यातली अळंबी मात्र आपण रानातून हौसेने आणून खातो. बुरशीचे बीज डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक. ते हवेत तरंगते आणि श्वासाबरोबर रोज आपल्या नाकात जाते. निरोगी शरीर त्याचा तिथल्या तिथे निकाल लावते. पण शरीराची राखण ढिली पडली तर तेच बीज रुजते, आणि क्वचित मेंदूपर्यंत जाते. हे माणसाला कसे उमगले आणि त्यावर औषध कुठून आले, ती हकिकत आज सांगावयाची आहे.

१८८५ साली ऑस्ट्रियातील डॉक्टर अर्नोल्ड पाल्टाउफ यांनी भाकरीवर वाढते त्या जातीच्या बुरशीचे तंतू एका मृत रुग्णाच्या शरीरात पसरलेले पाहिले व त्याचे वर्णन लिहून ठेवले. पुढे १८९४ मध्ये जर्मनीत ओटो बुसे यांना एका स्त्रीच्या पायाच्या हाडात निराळीच, किण्वासारखी गोल बुरशी सापडली. हिचा ओढा मेंदूच्या आवरणाकडे असतो, हे नंतर कळले. १९५५ मध्ये ती कबुतरांच्या विष्ठेतही आढळली. ती ओळखण्याची रीत मोठी मजेची आहे. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात काळ्या शाईचा थेंब घालायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. काळ्या आभाळात चांदण्या दिसाव्यात तशा पेशी दिसतात. इंग्रजीत या शाईला हिंदुस्थानचे नाव आहे. मूळची ती चिनी, असो.

भाकरीवरच्या बुरशीची खरी वाट दिसली ती १९४३ साली. अमेरिकेत मधुमेह हाताबाहेर गेलेल्या तीन रोग्यांत ती नाकातून डोळ्याकडे व तिथून मेंदूत शिरल्याचे नोंदले गेले. तिघेही दगावले. नाकाच्या छताचे हाड चाळणीसारखे पातळ असते आणि त्यावरच मेंदू टेकलेला असतो. शिवाय ही बुरशी रक्तवाहिन्यांत घुसून रक्त गोठवते. मग रक्त न मिळालेला भाग मरतो व काळा पडतो. काळी असते ती मेलेली कातडी, बुरशी नव्हे! लोकांनी तिला काळी बुरशी म्हटले ते यावरून.

औषध आले ते मातीतून. दक्षिण अमेरिकेत ओरिनोको नदीकाठच्या मातीत एक सूक्ष्म जीव सापडला आणि १९५५-५६ च्या सुमारास त्याच्यापासून अ‍ॅम्फोटेरिसिन नावाचे औषध निघाले. मेंदूच्या आवरणाच्या ज्या रोगातून तोवर क्वचितच कोणी वाचत असे, त्यातून रोगी उठू लागले. औषध मात्र कडक. शिरेतून थेंब-थेंब द्यावे लागते, रोग्याला हुडहुडी भरते आणि मूत्रपिंडावर ताण येतो.

आता आपल्या घरचे सांगतो. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली सरकारी मालकीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखाना निघाला. तिथे संशोधन करणारे डॉ. थिरुमलाचार हे मूळचे बुरशीशास्त्राचे अभ्यासक. त्यांनी व सहकाऱ्यांनी साठीच्या दशकाच्या आरंभी मातीतल्याच एका जीवापासून हॅमायसिन हे औषध काढले. त्या जीवाच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव गोवलेले आहे. पिकांवरील बुरशीसाठीही तिथे ऑरिओफंगिन निघाले. हॅमायसिन अंतर्गत रोगांवर परदेशातही आजमावले गेले, पण पोटातून दिलेले औषध रक्तात पुरेसे उतरेना; ते वरवरच्या बुरशीपुरतेच उरले. मला तरी यात अपयशापेक्षा उमेद अधिक दिसते. देश नुकता उभा राहत असताना आपल्याकडची माणसे या प्रश्नाला भिडली होती.

ती गरज २०२१ च्या उन्हाळ्यात कळली. कोविडच्या दुसऱ्या लाटेत वाढलेली साखर आणि स्टिरॉइडचा वापर एकत्र आला नि काळ्या बुरशीचे रुग्ण देशभर वाढले. जुलैपर्यंत ४५ हजारांवर रुग्णांची नोंद झाली, मृत्यू चार हजारांवर गेले. सर्वाधिक झळ गुजरात व महाराष्ट्राला बसली. अ‍ॅम्फोटेरिसिनच्या कुप्या मिळेनात. नातेवाईक शहरभर वणवण करीत. मे महिन्यात वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेस या कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू झाले. उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आणले गेले. रोग माणसाकडून माणसाला लागत नाही, हे मात्र लोकांना वारंवार सांगावे लागले.

या रोगात दिवस मोजून चालत नाही, तास मोजावे लागतात, कारण मेलेला भाग कापून काढावा लागतो. उशीर झाला तर डोळा किंवा जबडा जातो. मोखाड्याच्या रोग्याला मोठ्या शस्त्रक्रियेसाठी त्र्यंबकच्या वाटेने घाट चढून नाशिक गाठायचे, नाहीतर ठाण्या-मुंबईकडे उतरायचे. म्हणून खूण आधी गावातच ओळखावी लागते: एका बाजूचे नाक बंद होऊन काळसर स्राव येणे, गाल वा पापणी सुजणे, एकाचे दोन दिसणे, वरचे दात हलणे. मधुमेह्याला यातले काही झाले, तर जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात त्याच दिवशी दाखवावे. आणि नाकात काय दिसले व साखर किती आहे, ते चिठ्ठीवर लिहून रोग्याबरोबर द्यावे. पुढच्या डॉक्टरचा तेवढा वेळ वाचतो.