बावीस प्रतिज्ञांमधल्या या दोन आठवतात का?

१९५४ ची भंडारा पोटनिवडणूक बाबासाहेब हरले. तेव्हा आपला गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता. पुढे अडीच वर्षांच्या आत, १४ ऑक्टोबर १९५६ ला, त्यांनी नागपुरात लाखोंना धम्मदीक्षा दिली.

त्या बावीस प्रतिज्ञांमधल्या देव नाकारणाऱ्या प्रतिज्ञांवरच आपल्याकडे वाद होतात. पण त्यातच अष्टांगिक मार्गाची प्रतिज्ञा आहे. त्या मार्गातली सम्यक स्मृती म्हणजे मनात काय चाललंय याचं भान. आणि प्राणिमात्रांवर दया करण्याचीही प्रतिज्ञा आहे.

त्रेपन्न दिवसांनी बाबासाहेब गेले. त्याच दिवशी नागपुरात आलेले इंग्रज भिक्खू संघरक्षित यांनी सभा घेऊन दुःखात बुडालेल्या लोकांना धीर दिला. पुढे त्यांच्या संघानं महाराष्ट्रात आनापानसती आणि मैत्री भावना जोडीनं शिकवली. आधी श्वासाकडे लक्ष द्यायचं. मग स्वतःचं, मित्राचं आणि शेवटी ज्याच्याशी पटत नाही त्याचंही भलं चिंतायचं.

आपला राग आपल्यालाच कळला नाही तर दया तोंडदेखली राहते. आणि डोळे मिटून बसलो, पण शेजारच्या टोलीतलं दुःख दिसलं नाही, तर ते ध्यान काय कामाचं?

गावातल्या भांडणाच्या बातम्या लिहिताना मी हेच बघतो. पोलीस आले की मारामारी थांबते, मनं मात्र तशीच राहतात. प्रतिज्ञा पाठ आहेत, या दोन जगायच्या कधी?