मराठी ख्रिस्ती काव्य व चित्रकला

ख्रिस्ती श्रद्धेच्या प्रेरणेने मराठी प्रदेशात व गोव्यात झालेली काव्य आणि चित्र या क्षेत्रांतील निर्मिती. तिचा मागोवा सतराव्या शतकाच्या आरंभापासून घेता येतो. ही श्रद्धा परदेशी मिशनऱ्यांबरोबर आली. तथापि ओवी, अभंग आणि देशी चित्रशैली यांच्या आश्रयाने ती व्यक्त झाली, तेव्हाच तिला येथे कलारूप लाभले.

या परंपरेचा पहिला मोठा ग्रंथ म्हणजे क्रिस्तपुराण (१६१६). त्याचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले व १६१९ मध्ये तेथेच निवर्तले. पोर्तुगीज अमलात जुन्या पुराणांच्या वाचनास मनाई झाल्याने नवख्रिस्ती लोकांच्या जीवनात पोकळी निर्माण झाली होती. ती भरून काढण्यासाठी स्टीफन्स यांनी बायबलमधील कथा दहा हजारांहून अधिक ओव्यांत सांगितली. रायतूर येथे हा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. त्यातील मराठीची स्तुती विशेष प्रसिद्ध आहे.

एकोणिसाव्या शतकात या परंपरेला रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या रूपाने श्रेष्ठ कवी लाभला. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे आप्तांचा रोष व काही वर्षे पत्नीचा वियोग त्यांना सोसावा लागला. मात्र धर्म बदलला, तरी संतकाव्याशी असलेले नाते त्यांनी तोडले नाही. तुकारामांच्या अभंगांनीच आपणास ख्रिस्ताकडे नेले, अशी त्यांची भावना होती. उपासनेत इंग्रजी चालींवर बेतलेली गीते रूढ असताना त्यांनी अभंग, भजन व कीर्तन यांचा पुरस्कार केला. ज्ञानोदय या नियतकालिकातून त्यांची धार्मिक कविता प्रसिद्ध होत असे. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यस्त जीवन स्वीकारले.

टिळकांनी आरंभलेले ख्रिस्तायन हे महाकाव्य त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले. शालेय शिक्षण न लाभलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक (मृ. १९३६) यांनी त्याचे पुढील बहुतेक अध्याय रचले. अखेरचा भाग पुत्र देवदत्त यांनी पूर्ण केला व १९३८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रपंच सांभाळून केलेली ही रचना लक्ष्मीबाईंच्या श्रद्धेइतकीच त्यांच्या चिकाटीचीही साक्ष देते. स्मृतिचित्रे या आत्मकथेच्या कीर्तीमुळे मात्र त्यांच्या काव्याकडे वाचकांचे लक्ष तुलनेने कमी गेले. ग्रंथनिविष्ट काव्याखेरीज मौखिक गीतांची परंपराही आहे. पालघर जिल्ह्यातील वसई परिसरात सामवेदी ख्रिस्ती समाजाने आपल्या बोलीतील लग्नगीते जपली आहेत.

चित्रकलेत हेच कार्य आंजेलो द फोन्सेका (१९०२–६७) यांनी केले. गोव्यातील सांतु इस्तेव्ह येथे जन्मलेल्या फोन्सेकांनी वैद्यकीय शिक्षण सोडून चित्रकलेची वाट धरली. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. साडी नेसलेली मरिया आणि भारतीय वेशातील बायबलमधील व्यक्ती त्यांनी मुख्यत्वे जलरंगांत रंगविल्या. पाश्चात्त्य मूर्तींना सरावलेल्या गोव्यातील अनेक ख्रिस्ती लोकांना हे रुचले नाही. तेव्हा फोन्सेका पुण्यात ख्रिस्त सेवा संघाच्या आश्रमात आले. स्वतः कॅथलिक असूनही अँग्लिकन धर्मगुरू जॅक विन्स्लो यांनी स्थापन केलेल्या या संघात त्यांना आसरा मिळाला आणि त्यांची बरीचशी चित्रे पुण्यातच निर्माण झाली. त्यांच्या कृतींचा मोठा संग्रह आता पर्वरी (गोवा) येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे.

टिळकांना स्वकीयांचा, तर फोन्सेकांना स्वधर्मीयांचा रोष पत्करावा लागला. श्रद्धा नवी असली, तरी तिच्या अभिव्यक्तीसाठी आपली भाषा व रूपे सोडण्याची गरज नाही, हे दोघांच्या निर्मितीने दाखवून दिले.