कालियामर्दन आणि भाबडा प्रेक्षक

श्रोतेहो, आपल्याकडील चित्रपटाच्या इतिहासाचा विषय निघाला की एक हकीकत हमखास सांगितली जाते. पडद्यावर प्रभू रामचंद्र प्रकट झाले आणि चित्रपटगृहातील स्त्रीपुरुषांनी जमिनीवर डोके टेकले! दादासाहेब फाळके यांच्या 'लंकादहन' (1917) आणि 'श्रीकृष्णजन्म' (1918) या मूकपटांविषयी ही गोष्ट इतिहासकारांनी नोंदविलेली आहे, आणि ती खोटी मानावयास मला काही कारण दिसत नाही. परंतु ती सांगताना सांगणाऱ्याच्या ओठांवर जे एक प्रकारचे स्मित उमटते, त्याविषयी मला आज चार शब्द बोलावयाचे आहेत. त्या स्मिताचा अर्थ उघड आहे. बिचारे भाबडे लोक. चित्र कोणते आणि देव कोणता, हेही त्यांना उमगले नाही!

असाच आरोप पॅरिसच्या लोकांवरही झालेला आहे. ल्यूमिएर बंधूंच्या चित्रात आगगाडी पुढे येताना पाहून प्रेक्षक खुर्च्या सोडून पळाले, असे पुस्तकांतून वर्षानुवर्षे छापले गेले. पुढे संशोधकांनी त्या काळचे वृत्तांत चाळले, तेव्हा या पळापळीस भक्कम असा पुरावा त्यांना मिळेना. याच ल्यूमिएर बंधूंची चित्रे 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात प्रथम दाखविली गेली. नव्या कलेच्या पहिल्या प्रेक्षकास वेडगळ ठरविल्यावाचून पुढच्या पिढीस आपले शहाणपण सिद्ध झाल्यासारखे वाटत नाही, हेच खरे असावे.

भाबडेपणाचा हा शिक्का विशेषेकरून खेड्यातल्या प्रेक्षकावर बसतो. म्हणून एक खेडेच डोळ्यांपुढे घेऊ. बीडहून धाराशिवकडे जाताना मांजरसुंब्याच्या पुढे, बालाघाटाच्या पठारावर चौसाळा हे गाव लागते. धुळे-सोलापूर हमरस्त्यावरचे हे गाव. रेल्वेचा रूळ त्याच्या वाट्यास आलेला नाही. 1948 च्या सप्टेंबरापर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणही उर्दूतूनच. अशा मुलखात मराठी मुलाच्या वाट्यास येणारी गोष्ट बहुधा पुस्तकातून येत नसे, ती कानांवाटे येई. आजीच्या मांडीवर ती सुरू होई, चातुर्मासात देवळात लागलेल्या पोथीत ती पुन्हा भेटे, आणि कीर्तनकाराच्या उत्तररंगात तिला रंग चढे. श्रीधरस्वामींचा 'हरिविजय' 1702 साली पुरा झाला आणि 'रामविजय' त्यापाठोपाठ आला. तेव्हापासून या दोन ग्रंथांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांस जेवढ्या गोष्टी पुरविल्या, तेवढ्या दुसऱ्या कोणी क्वचितच पुरविल्या असतील. ज्या जिल्ह्यातील अंबाजोगाई मुकुंदराज आणि दासोपंत यांची म्हणून ओळखली जाते, तेथे ऐकणाऱ्यांचा कान तयार असावा यात नवल नाही.

मोठ्यांच्या दृष्टीने हे पुराण, हे दैवत. पण पाच वर्षांच्या पोराच्या दृष्टीने पाहा. एक खोडकर मुलगा डोहात उडी घेतो, पुष्कळ फण्यांच्या सर्पाशी झुंजतो आणि त्याच्याच फण्यावर नाचत वर येतो. एक वानर शेपटीस चिंध्या बांधून घेतो आणि त्याच शेपटीने सोन्याची नगरी जाळतो. याहून अद्भुत बालकथा कोणत्या देशात आहे? भक्ती मागाहून येते. आधी येते ते आश्चर्य.

फाळक्यांच्या मनातही हे आश्चर्यच प्रथम जागे झाले असावे. त्र्यंबकेश्वरी 1870 साली जन्मलेला हा गृहस्थ मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकला, छायाचित्रे काढू लागला, आणि एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकून स्वतःचे नाव उलट फिरवून 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोगही करू लागला. मुंबईत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहताना आपल्या मनश्चक्षूंपुढे राम-कृष्ण, गोकुळ, अयोध्या हीच दृश्ये उभी राहत होती, असे त्यांनी पुढे 'नवयुग' मासिकातील लेखांत सांगितले आहे. म्हणजे चित्र परक्याचे आणि गोष्ट आपली, असा पाहण्याचा दुहेरी व्यापार खुद्द पहिल्या चित्रकर्त्याने प्रेक्षक या नात्याने केलेला आहे.

आणखी एक गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. आवडत्या गोष्टीचे चित्र झाले म्हणजे पहिली तक्रार चेहऱ्याची असते. 'माझ्या मनातला हा नव्हे' असे वाचक म्हणतो. इंग्लंडात सेसिल हेपवर्थ यांनी 1903 साली अॅलिसची प्रसिद्ध अद्भुतकथा पडद्यावर आणली, तेव्हा वेशभूषा त्यांनी टेनिएलच्या 1865 च्या चित्रांबरहुकूम ठेवली. कारण मुलांच्या मनात अॅलिस त्याच पोशाखात वावरत होती. आपल्याकडे हे काम राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांनी आधीच करून ठेवले होते. लोणावळ्याजवळच्या त्यांच्या छापखान्यात फाळक्यांनी काही काळ नोकरीही केली होती. देवघरातल्या भिंतीवर चौकटीत बसलेला कृष्णच पडद्यावर हालताना दिसला, तर तो ओळखू येण्यास क्षणाचाही विलंब कसा लागावा?

तथापि ओळख पटली म्हणून लोक पैसे टाकतीलच असे नव्हे. 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला आणि चालला. पण सुरतेस पहिल्या दिवशी अवघे तीन रुपये जमले, असे फाळक्यांच्या चरित्रांतून वाचावयास मिळते. दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहणारा मनुष्य दीड तासाच्या चित्रास तीन आणे का देईल? तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली की तीन आण्यांत सत्तावन हजार छायाचित्रे पाहावयास मिळतील! आणि लोक आले. पुढे ज्यांनी पडद्यास नमस्कार केला, ते याच हिशेबी लोकांचे भाऊबंद होते.

'लंकादहना'ने मात्र कसलाही हिशेब ठेवला नाही. मुंबईस वेस्ट एंड चित्रपटगृहात सकाळी सातापासून रात्री उशिरापर्यंत खेळांमागून खेळ होत. पुण्यास गर्दीने दार मोडावयाची वेळ आणली, आणि मद्रासेस जमलेली नाणी पोत्यांत भरून पोलिसांच्या पहाऱ्यात बैलगाडीने न्यावी लागली, असे सांगतात. आता या चित्रपटातील एक गोष्ट हसणाऱ्यांनी नीट पाहावी. राम झाले होते अण्णा साळुंके, आणि सीताही झाले होते अण्णा साळुंकेच! फाळक्यांनी ज्याला मुंबईच्या एका उपाहारगृहातील स्वयंपाकाच्या कामावरून उचलून 1913 साली तारामती केले, तोच हा पुरुष. एकच मुद्रा कधी धनुष्य घेऊन वनात हिंडते, कधी अशोकवनात रडत बसते, हे डोळे असलेल्या कोणासही दिसत होते. ज्यांना हे दिसत होते, त्यांनीच हात जोडले.

याचा उलगडा चित्रपटगृहात शोधून सापडणार नाही. तो देवळाच्या सभामंडपात सापडतो. काशीजवळील रामनगरच्या रामलीलेत गावातली मुले राम-लक्ष्मण होतात. त्यांना 'स्वरूप' म्हणतात आणि लीला चालू असेतो त्यांची आरती करतात. कोकणातील दशावतारात गणपतीचे सोंग येते, त्याची पूजा होते. आपल्याकडे उत्सवाच्या शेवटी लळित होई, सोंगे येत. पैठणच्या एकनाथांची भारुडे सोंग घेऊन म्हटली जात आणि अजूनही म्हटली जातात. लुगडे नेसून आलेला गडी कोण आहे, त्याचे शेत कोठे आहे, हे समोर बसलेल्या प्रत्येकास ठाऊक असते. गोदेपासून बालाघाटापर्यंतच्या प्रेक्षकास सोंग आणि देव यांतला भेद शिकवावयास कोणी शहरातून येण्याची जरुरी नव्हती. नमस्कार सोंगास नसतो, सोंगाच्या निमित्ताने असतो. पुढे जत्रांतून तंबूतले चित्रपट हिंडू लागले, तेव्हा तेथे कापडावर पडलेल्या उजेडास लोकांनी हाच जुना न्याय लावला.

फाळक्यांना आपला प्रेक्षक असा आहे हे माहीत होते काय? माझ्या मते होते, आणि त्याचा पुरावा 'कालियामर्दन' हा 1919 सालचा चित्रपट आहे. सुदैवाने त्याचा बराच मोठा भाग टिकून आहे. पुण्यास 1964 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने तो जपला. नाशिकच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीच्या या चित्रपटात बाळकृष्ण झाली होती फाळक्यांची कन्या मंदाकिनी, वय वर्षे सात. चित्रपट सुरू होतो तो कृष्णापासून नव्हे. आधी मंदाकिनीच आपल्यापुढे येते. या लहान मुलीचा मुद्राभिनय पाहा, असे पाटीवरील अक्षरे सांगतात, आणि मग तिचा चेहरा अगदी जवळून दाखवून तिच्या मुद्रा एकीमागून एक आपल्यापुढे मांडल्या जातात: हर्ष, रोष, रुसवा. प्रेक्षकाने तिला पुरती पाहून घेतली, म्हणजे ते चित्र विरत जाते आणि तिच्या जागी मोरमुकुट घातलेला कृष्ण उभा राहतो.

श्रोतेहो, मागच्या दोन चित्रपटांपुढे लोकांनी डोके टेकलेले ज्याने ऐकले होते, त्यानेच हे केले आहे. लोकांस फसवूनच पैसा मिळवावयाचा असता, तर आपला देव म्हणजे आपलीच सात वर्षांची मुलगी, हे गुपित त्याने प्रारंभीच फोडले असते काय? जादूगार रिकामी टोपी आधी सर्वांस दाखवितो. ती पाहिलेली असते म्हणूनच पुढचे कबुतर गोड लागते.

पुढील कथाही गोकुळातल्या खोड्यांची आहे. बाळगोपाळांचा कंपू लोणी पळवितो. रात्री कृष्ण एका नवराबायकोच्या शयनगृहात हळूच शिरतो आणि नवऱ्याची दाढी बायकोच्या केसांस बांधून ठेवतो! या प्रसंगी कोणी भक्तिभावाने डोळे मिटले असतील, असे मला वाटत नाही. मग येतो डोह. कृष्ण पाण्याखाली सर्पाशी झुंजत आहे आणि काठावर गोकुळ जमले आहे; चित्र एकदा खाली जाते, एकदा वर येते. काठावरची माणसे रडतात, हात वर करतात, पाण्याकडे टक लावतात. आज हा चित्रपट पाहताना मला त्या सर्पापेक्षा ती काठावरची माणसेच अधिक मोलाची वाटतात. सर्प कापडाचा आहे हे लपत नाही. पण पडद्यासमोर बसलेल्या मनुष्यास त्या काठावर आपलीच जागा राखून ठेवलेली दिसते. कृष्ण वर येणार, हे त्याला आजीच्या मांडीवर बसल्यापासून ठाऊक आहे. तरी तो श्वास रोखून बसतो.

विलायतेतले एक उदाहरण याच्या शेजारी ठेवण्यासारखे आहे. जे. एम. बॅरी यांचे 'पीटर पॅन' हे बालनाट्य 27 डिसेंबर 1904 रोजी लंडनच्या रंगभूमीवर आले. त्यातली चिमुकली परी विष पिऊन मरावयास टेकते, तेव्हा पीटर प्रेक्षकांकडे वळून विनवितो की परी असतात असे तुम्हांस वाटत असेल, तर टाळ्या वाजवा, म्हणजे ती वाचेल. टाळी पडली नाही तर काय, या धास्तीने बॅरींनी वाद्यवृंदातील मंडळींस टाळ्या वाजवावयास सांगून ठेवले होते. त्यांची गरज पडली नाही. पहिल्या रात्री बहुतेक मोठ्या माणसांनीच भरलेल्या त्या नाट्यगृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढे 1924 साली या नाटकाचा मूकपट झाला. तेथेही पीटर पडद्यावरून तीच विनवणी करतो, जणू पडद्यास टाळी ऐकू येते! आणि हा पीटर कोण? बेट्टी ब्रॉन्सन नावाची तरुणी. जशी आपल्याकडे कृष्ण झालेली मंदाकिनी. 1953 च्या डिस्नेच्या चित्रपटातून ही विनवणी गळाली, आणि माझ्या मते त्या कथेचा प्राणच थोडा उणा झाला. लंडनच्या त्या टाळ्यांस आजवर कोणी अडाणीपणा म्हटलेले नाही. परी वाचावी म्हणून टाळी वाजविणारा सुसंस्कृत, आणि राम दिसला म्हणून हात जोडणारा तेवढा भाबडा, हा न्याय कोणत्या तराजूतला?

कोणी म्हणेल की या श्रद्धेचा पुढे व्यापार झाला, त्याचे काय? झाला खरा. 1936 चा 'संत तुकाराम' मुंबईत सत्तावन आठवडे चालल्यावर संतपट काढण्याचा मोह कोणास आवरणार? आणि 1987 साली दूरदर्शनवर रामायणाची मालिका सुरू झाली, तेव्हा रविवारी सकाळी दूरदर्शनसंचास हार घालून, उदबत्ती लावून लोक बसत. गावात एखाद्याच घरी संच असावयाचा आणि त्याच्या ओसरीवर सारी आळी लोटावयाची. त्या मालिकेतील सीता, दीपिका चिखलिया, 1991 साली बडोद्याहून लोकसभेवर निवडून गेल्या. झाले, भाबडेपणाचा ढळढळीत पुरावा मिळाला, असे तेव्हा पुष्कळांस वाटले. पण त्याच निवडणुकीत, त्याच गुजरातेतील साबरकांठ्याच्या मतदारांनी आणखी एका नटास लोकसभेत धाडले. त्यांचे नाव अरविंद त्रिवेदी; मालिकेत ते रावण झाले होते.