स्तनलघुकरण शस्त्रक्रिया

स्तनलघुकरण शस्त्रक्रिया : प्रमाणाबाहेर वाढलेल्या स्तनांतील जादा ग्रंथी, चरबी व त्वचा काढून त्यांचा भार कमी करणारी आणि स्तनाग्र वरच्या पातळीवर आणून बसवणारी प्लास्टिक सर्जरीतील शस्त्रक्रिया. तिची गणना सर्रास सौंदर्योपचारांत केली जाते, ती योग्य नाही. कारण मान, खांदे व पाठ यांचे कायमचे दुखणे, ब्रेसियरच्या पट्ट्यांनी खांद्यांवर पडलेल्या खाचा आणि स्तनांखालच्या घडीत घाम साचून होणारी बुरशी व चट्टे हीच ती करण्याची मुख्य कारणे होत.

हे दुखणे भाराचे की कामाचे, हे चटकन कळत नाही; उदाहरणार्थ, बेळगाव जिल्ह्यातील निपाणी परिसर तंबाखू व विडी यांवर पोसलेला आहे. मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून तासन्‌तास विड्या वळणाऱ्या किंवा तंबाखूच्या वखारीत बसून काम करणाऱ्या स्त्रीची मान मुळातच अवघडलेली असते; त्यात स्तनांच्या भाराची भर पडली की दुखणे दुणावते, आणि ते सगळे कामामुळेच आहे असे समजून मलम, शेक व गोळ्यांवर वर्षे काढली जातात. डॉक्टरांपाशीही ‘पाठ दुखते’ एवढेच सांगितले जाते, खरे कारण संकोचापोटी पोटातच राहते. मात्र बैठकीच्या कामातून आलेले दुखणे शस्त्रक्रियेने जात नाही, म्हणून दुखण्याचा कोणता भाग कशामुळे आहे हे आधी तपासून घ्यावे लागते.

स्तनांची वाढ पूर्ण झाल्यावर व वजन काही महिने स्थिर राहिल्यावर ही शस्त्रक्रिया करणे श्रेयस्कर असते. पुढे मूल हवे असल्यास ती पुष्कळदा लांबणीवर टाकली जाते, कारण गरोदरपणात आकार पुन्हा बदलतो आणि शस्त्रक्रियेनंतर अंगावरचे दूध कमी येण्याची किंवा न येण्याची शक्यता राहते. चाळिशीच्या पुढच्या स्त्रियांची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी, आधी करून घेतात.

पूर्ण भूल देऊन केल्या जाणाऱ्या या शस्त्रक्रियेला साधारण दोन ते चार तास लागतात. स्तनाग्र व त्याभोवतीचे गडद वर्तुळ सहसा कापून वेगळे केले जात नाही, तर रक्तवाहिन्या व मज्जातंतू ज्यातून येतात त्या ऊतकाच्या पट्ट्यावर, म्हणजे ‘देठावर’, ते जिवंत ठेवून वर सरकवले जाते. स्तन फारच मोठे असतील तर मात्र स्तनाग्र काढून त्वचारोपणासारखे पुन्हा बसवावे लागते, ही पद्धत मॅक्स थोरेक यांनी 1922 मध्ये वर्णिली. त्वचेवरील छेद आखण्याचा रॉबर्ट वाइज यांचा 1956 चा आराखडा आजही प्रचारात आहे. त्यात स्तनाग्राभोवती, तेथून सरळ खाली आणि स्तनाखालच्या घडीत असा उलट्या ‘टी’ अक्षरासारखा व्रण राहतो. काढलेले ऊतक विकृतिशास्त्रीय तपासणीसाठी पाठवले जाते.

निपाणी भागात सर्वांत महत्त्वाची गोष्ट तंबाखूची आहे. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि देठावर तगून असलेल्या स्तनाग्राचा रक्तपुरवठा मंदावतो. परिणामी जखम उसवणे, कडा काळ्या पडणे आणि क्वचित स्तनाग्र गमावणे असे प्रसंग ओढवतात. ‘सिगरेट ओढता का?’ या प्रश्नाला येथील बहुतेक स्त्रिया खरेपणाने ‘नाही’ म्हणतील, परंतु सकाळी दातांना लावली जाणारी मिशरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, त्या उत्तरात येत नाही. ओली पाने हाताळणाऱ्यांच्या अंगात निकोटिन त्वचेवाटेही जाते. म्हणून मिशरी, तंबाखू-चुना व वखारीतले काम या तिन्ही गोष्टी न विचारताही शल्यचिकित्सकाला सांगाव्यात, आणि तंबाखूचे सेवन शस्त्रक्रियेआधी व नंतर किमान चार-चार आठवडे पूर्ण बंद ठेवावे.

रुग्णालयात एक-दोन दिवस राहावे लागते. साचणारे रक्त व पाणी काढण्यासाठी काही वेळा नळ्या ठेवतात. सूज व काळेनिळेपणा काही आठवड्यांत ओसरतो, आधार देणारी ब्रेसियर साधारण सहा आठवडे घालावी लागते, आणि तेवढा काळ पाण्याची घागर, धान्याचे पोते किंवा लहान मूल उचलू नये. उलट्या ‘टी’च्या सांध्यावरची जखम भरायला वेळ लागणे हे बऱ्याचदा घडते, रक्त साकळणे, जंतुसंसर्ग, दोन्ही बाजूंत फरक राहणे आणि स्तनाग्राची संवेदना कमी होणे हेही संभवते. व्रण फिके पडतात, पुसले जात नाहीत. असे असूनही या शस्त्रक्रियेनंतर बहुसंख्य स्त्रिया समाधानी असतात, कारण खांद्यांवरचा भार उतरल्याचे थोड्याच दिवसांत जाणवते.

निपाणीहून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ असल्याने फेरतपासणीचे हेलपाटे धरूनच रुग्णालय निवडावे. आरोग्यविम्यात सौंदर्योपचार सहसा वगळलेले असतात, त्यामुळे वैद्यकीय कारणाची लेखी नोंद व पूर्वमंजुरी आधीच घ्यावी. संमतीपत्राचा छापील नमुना कन्नड वा इंग्रजीत असला, तरी तो मराठीत समजावून मागणे हा रुग्णाचा हक्क आहे. उपचाराचे स्वरूप, पर्याय व धोके सांगितल्याशिवाय घेतलेली संमती पुरेशी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात 2008 मध्ये स्पष्ट केले आहे.

शस्त्रक्रियेनंतरही स्तनकर्करोगाच्या नियमित तपासण्या चालू ठेवाव्या लागतात. आतील चरबी कडक होऊन हाताला गाठ लागू शकते. पण कोणतीही नवी गाठ तपासणी न करता तशीच आहे असे धरून चालू नये, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेची तारीख व ऊतकतपासणीचा अहवाल अवश्य दाखवावा.