निसर्ग वादळानंतरचं श्रीवर्धन: छप्पर आलं, वाडीचं काय?

रमजान ईद होऊन आठ-नऊ दिवस झाले होते, लॉकडाऊन चालूच होतं. 3 जून 2020 रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड तालुक्यांतल्या मोहल्ल्यांत कौलं-पत्रे उडाले, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली.

घरं तरी सावरली. आखातात कमावणारं कुणी असेल तर जरा लवकर. खरा घाव वाड्यांवर बसला. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली, पण नवी पोफळ लावली की पहिलं पीक धरायला साधारण 5 ते 7 वर्षं जातात. सरकारने फळबागांची मदत हेक्टरी 18 हजारांवरून 50 हजार केली. म्हणजे गुंठ्याला जेमतेम 500 रुपये! आणि इथल्या वाड्या तर गुंठ्यांतच मोजायच्या. पुढे झाडामागे मदत ठरली: पोफळीला 50, माडाला 250 रुपये.

त्यालाही सातबारा लागतोच. वाडी मरहूम आजोबांच्या नावावर, वारस निम्मे मुंबईत, निम्मे कुवेतला. सह्या गोळा करणार कोण? वारसनोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे आताच अर्ज द्या. निसर्गनंतर वर्षभरातच, मे 2021 मध्ये, तौक्ते याच किनाऱ्याजवळून गेलं होतं.